डॉक्टर मॅडम, तुम्ही खंडूचं तोंड उघडून बघितलंत

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी रामबागेतला, तो काळ्या-पिवळ्या देशी कुत्र्यावाला, सोबत म्हातारी आई होती आणि तिच्या पिशवीत दहीभाताचा डबा होता, आता आठवलं असेल. त्या दिवशी घाईत आणि रडवेल्या अवस्थेत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

खंडू आम्हाला चंपाषष्ठीच्या दिवशी सापडला म्हणून खंडू. आई म्हणते खंडोबाने स्वतःचं कुत्रं आपल्याकडे पाठवलंय, इंदूरच्या मराठी घरात ते वेगळं समजवायला लागत नाही. तर त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. आधी एका ठिकाणी दाखवलं, डोळ्याचे ड्रॉप्स आणि अँटिबायोटिक मिळालं, सूज उतरली, पंधरा दिवसात वापस आली, परत तेच औषध, परत उतरली, तिसऱ्यांदा तर फुटून पू यायला लागला. दोन महिने आम्ही डोळा डोळा करत बसलो. तोंडात कोणीच बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

तुम्ही मला काही विचारायच्या आधी आईला विचारलंत, आजी हा जेवतो कसा? आई म्हणाली जेवतो सगळं, पण पोळी डाव्या बाजूनेच चावतो आणि मधेच तुकडा खाली पाडतो. हे ती घरी मला चार वेळा बोलली होती, मी म्हणायचो खातोय ना मग झालं. तुम्ही तिथेच थांबलात, ओठ वर केलात आणि ती मोठी वरची दाढ दाखवलीत, बाहेरची अख्खी खपली निघालेली, आत लालसर ठिपका. तेव्हा समजलं की कुत्री-मांजरी दाढ सडली तरी खात राहतात, दुखणं दाखवत नाहीत, आणि त्या दाढेची मुळं बरोबर डोळ्याखाली असतात म्हणून सूज तिथे येते. एक्सरेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला तेव्हा मला कसंतरीच झालं हो.

कारण ज्याच्यावर ती दाढ तुटली ते चावायचं हाड मीच आणलं होतं, पेट शॉपमधलं, दगडासारखं कडक, दात साफ होतील म्हणून. तुम्ही मला रागावला नाहीत. एवढंच सांगितलंत की नखाने दाबून बघायचं, नख रुतलं नाही तर ते त्याच्या दातापेक्षा भारी पडणार. ही गोष्ट मी आता पूर्ण गल्लीत सांगत फिरतोय.

भूल द्यायची म्हटल्यावर आई घाबरली, आणि मीही, कारण कोणीतरी म्हणालं होतं की भूल न देताच दात खरवडून मिळतात. तुम्ही कागदावर चित्र काढून समजवलंत की वरची घाण निघेल, दात चकचकीत दिसतील, पण खरा आजार हिरडीच्या आत असतो आणि जागं जनावर तिथे हात लावू देत नाही. आधी रक्त तपासलंत, श्वासनळीत ट्यूब का घालतात तेही सांगितलंत, की स्केलिंगचं, म्हणजे दात खरवडतानाचं, पाणी फुप्फुसात जाऊ नये. त्या दाढेला तीन मुळं, म्हणून तिचे तीन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढलंत, बाकीचे दात साफ करून पॉलिश केलेत, नाहीतर खरखरीत दातावर थर पटकन बसतो. खर्च किती येईल ते आधीच लिहून दिलं होतंत, आईच्या पेन्शनवर चालणाऱ्या घराला याचं फार बरं वाटतं.

आणि संध्याकाळी तो शुद्धीवर येताना तुम्ही खाली फरशीवर त्याच्याजवळ बसला होतात. आईला खुर्ची दिलीत आणि स्वतः फरशीवर. आई अजून सगळ्यांना तेच सांगते.

आता रोज रात्री ब्रश. आपलं टूथपेस्ट नाही, कारण त्याला थुंकता येत नाही, सगळं पोटात जातं आणि त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असेल तर कुत्र्याला ते विष आहे, हे मला माहीतच नव्हतं. पहिला आठवडा नुसतं चिकन फ्लेवरचं पेस्ट बोटाने चाटवलं, मग बोटाला गॉझ, आता ब्रश. बाहेरच्या बाजूनेच घासतो, तुम्ही म्हणालात तेवढं पुरे आहे, पण रोज, कारण थर दोन-तीन दिवसात कडक व्हायला लागतो आणि मग ब्रशने निघत नाही. त्या बेचाळीस दातांतला एक गेला, उरलेले एक्केचाळीस मी सांभाळणार.

बहिणीच्या मांजरीलाही आता आणतोय, तोंडाला फार वास येतोय आणि खाता खाता एकदम ओरडून पळते. बहीण माणसांची पॅरासिटामॉल अर्धी करून देणार होती, मी धावत जाऊन थांबवलं, मांजरीला ती जीवघेणी असते हे तुमच्याच भिंतीवरच्या कागदावर वाचलं होतं.

आईने चकल्या केल्यात तुमच्यासाठी आणि तुमच्या असिस्टंट भैयासाठी. शनिवारी मांजरीला घेऊन येतो तेव्हा आणतो. खंडूही येईल, आता तो दोन्ही बाजूंनी चावतो, आईने बघून सांगितलंय.