लॉगच्या शेवटच्या ओळी वाचवणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

हिंजवडीत डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मची) कन्सोल ॲप्लिकेशन्स, म्हणजे काळ्या खिडकीत चालणारे प्रोग्राम, लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेली खोच इतरांनाही लागेल.

प्रोग्राम संपताना लॉगच्या, म्हणजे प्रोग्राम चालताना करत असलेल्या नोंदींच्या, शेवटच्या ओळी गायब होतात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. सगळे आधी लेव्हलवर (कुठल्या महत्त्वाच्या नोंदी छापायच्या त्या पातळीवर) संशय घेतात. तुम्ही मूळ दाखवलंत: कन्सोल लॉगर ओळ स्वतः छापत नाही, रांगेत टाकतो, छापतो तो मागचा बॅकग्राउंड थ्रेड. मेन, म्हणजे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन, संपलं की तोही थांबतो आणि रांगेतलं रांगेतच राहतं. म्हणून लॉगर बनवणाऱ्या लॉगरफॅक्टरी.क्रिएटच्या ओळीआधी ‘युझिंग’ लावायचं. मग फॅक्टरी डिस्पोज होताना, म्हणजे आवरून बंद होताना, रांग रिकामी केली जाते. प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करणाऱ्या एन्व्हायर्नमेंट.एक्झिटबद्दल तर तुम्ही बजावूनच सांगितलंत, ते फार बरं झालं. त्याने डिस्पोज होतच नाही, ‘युझिंग’ असूनही ओळी जातात. एक्झिट कोड हवा तर मेनमधूनच रिटर्न करायचा.

ॲडकन्सोलऐवजी ॲडसिंपलकन्सोल आणि त्यात सिंगललाइन ट्रू, हेही तुमचंच. एरवी लेव्हल एका ओळीत, मजकूर पुढच्या ओळीत, त्यामुळे शोधताना अर्धंच हाती येतं. टाइमस्टॅम्पफॉरमॅट (ओळीआधी वेळ कशी छापायची तो साचा) मुळात रिकामा असतो, तो आपणच द्यायचा. तासासाठी कॅपिटल एच. स्मॉल एच लिहिलं तर रात्री २ ची ओळ दुपारी २ ची वाटते. शेवटी एक स्पेस ठेवायची, नाहीतर वेळ आणि ‘इन्फो’ चिकटतात.

लॉगएररमध्ये एक्सेप्शन (घडलेल्या चुकीची माहिती असलेला ऑब्जेक्ट) पहिला द्यायचा, हे तर सोन्यासारखं. मजकुरानंतर दिला आणि मजकुरात त्याच्यासाठी महिरपी कंस नसला, तर तो छापलाच जात नाही. कंपायलरही अडवत नाही.

डीबगच्या ओळी दिसत नसतील तर सेटमिनिममलेव्हल बघायचं. ठरवून दिलं नाही तर ते इन्फर्मेशनवर असतं.

आणि प्रोग्रामचं उत्तर पाइपने दुसऱ्या प्रोग्रामला जात असेल, तर ॲडकन्सोलमधलं लॉगटूस्टँडर्डएररथ्रेशोल्ड ‘ट्रेस’वर ठेवायचं. सगळा लॉग स्टँडर्ड एररवर जातो, उत्तर स्वच्छ राहतं. ही सोय आता आमच्या प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशीच असते, ताई.

तुमचे ऋणी,
हिंजवडीतले आम्ही सगळे