कात्री लावण्याआधी विचारणाऱ्या मावशींना

तीर्थस्वरूप मावशी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. ते चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. तुमच्यासमोर कौतुकाचा शब्द काढला की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत पिशवी उचलून निघता. म्हणून हे तुमच्या माघारी सगळ्यांना सांगते.

गोधडी काल रात्री पहिल्यांदा अंगावर घेतली. आई गेल्यापासून इतकी शांत झोप लागली नव्हती. सकाळी उठल्यापासून तुम्हाला काय लिहू आणि काय नको असं झालंय.

आजीच्या लुगड्यांची गोधडी आईने केली, आईच्या लुगड्यांची मी करायची, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. तरी आई गेल्यावर कपाट उघडलं तेव्हा सल्ले कमी आले नाहीत. बोहारणीला दे, चांगलं पातेलं येईल. फरशी पुसायला ठेव, सुती आहेत, पाणी छान टिपतात. हे बोलणारी माणसं परकी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मग शहरातल्या एका दुकानात गेले. काचेच्या दारामागे सुंदर रचलेल्या रजया होत्या, बोलणंही गोड होतं. आईची निवडक लुगडी त्यांनी ठेवून घेतली, पैसे आधी घेतले, आणि पुष्कळ हेलपाटे मारायला लावून हातात दिलं ते काय? वर पट्टीने आखून कापलेले एकसारखे चौकोन, आत फायबर, आणि सगळीकडून मशीनची टणक शिवण. काठ नाहीत, पदर नाहीत. "पदर कुठे गेले?" विचारलं तर मुलगी म्हणाली, "मॅडम, ते वेस्टेज. फेकलं." माझ्या आईचा पदर वेस्टेज! एक नऊवारी म्हणजे 8 मीटरच्या वर कापड. त्यातला जो हातभर तुकडा तिने आयुष्यभर डोक्यावर घेतला, ज्याने आमची तोंडं पुसली, तोच नेमका कचऱ्यात. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

उरलेलं गाठोडं घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा कोणावर विश्वास टाकायची ताकद राहिली नव्हती. तुम्ही गाठोडं सोडलंत. एकेक लुगडं उलगडून उजेडात धरलंत, गालाला लावून पाहिलंत. टेरिकॉटचे परकर बाजूला सारलेत, "ह्ये घाम पीत न्हाई" म्हणालात. कात्री तुमच्या मांडीशीच होती. ती उचलण्याआधी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ह्यातलं कापायचं न्हाई, ते आदी बाजूला काढा."

मावशी, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. तुमचे टाके, तुमची मेहनत, या वयात जमिनीवर वाकून बसणं, सगळ्याचे उपकार आहेतच. पण त्या वाक्याने मला माझी आई परत दिली. मी हिरव्या इरकलीचा पदर काढला. त्याच्या एका टोकाला आई सगळं बांधायची: सुट्टे पैसे, कपाटाची किल्ली, देवळातला अंगारा, आम्हा भावंडांसाठी हळदीकुंकवातून आणलेला पेढा. गाठ मारून मारून तिथलं सूत चुरगळलंय, विरलंय, इस्त्रीने ती चुणी मोडत नाही. दुसऱ्या कोणालाही तो खराब झालेला तुकडाच वाटला असता. तुम्ही तो अंगठ्याने चाचपलात. काय, कशाला, काही विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, "हितं उशाकडं लावू. निजताना हाताला लागंल."

तो पदर अख्खाच्या अख्खा उशाकडे आहे. काल रात्री हाताला लागला.

आणखी एक गोष्ट केलीत, जी मी मागितलीही नव्हती. दुकानातलं ते पांघरूण तुम्ही हट्टाने मागून घेतलंत, रात्री बसून त्याची शिवण उसवलीत, फायबर काढून टाकलंत, आणि आईचे ते चौकोन आपल्या गोधडीत बाकीच्या लुगड्यांशेजारी आणून बसवलेत. आत वडिलांच्या धोतरांचे थर, वर लुगडी, चार कोपऱ्यांना खणाच्या चोळ्यांचे त्रिकोण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा तो खण आईने माझ्या बारशाला शिवला होता. कडेपासून आत फिरत गेलेला तुमचा धावदोरा मी तासन्‌तास बघत बसते. मधेच नागपंचमी आली. त्या दिवशी तुम्ही सुई-कात्रीला हात लावला नाहीत, तरी येऊन बसलात आणि मला आईबद्दल बोलू दिलंत.

नंतर मी थोडं वाचलं. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर असेच शिवून कांथा करतात. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात, कच्छ-सिंधमध्ये रल्ली. मुख्यतः जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती वापरतात, कारण नव्या कापडाला खळ असते, सुई अडते आणि अंगाला ते टोचतं. गोधडी विरली की तिच्यावर दुसरं जुनेर चढवायचं, जुनी आत तशीच राहते. हे सगळं तुम्हाला कोणी न शिकवता ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही स्वतःला अडाणी म्हणता, ते कृपा करून म्हणू नका.

चांगली माणसं कमी झालीत असं हल्ली उठसूट ऐकू येतं. मला ते पटत नाही. गाडगेबाबा चिंध्यांचं पांघरत, लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. त्याच माणसाने पंढरपूर-नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. आपल्याकडे मोठेपणा बऱ्याचदा असा फाटक्या कपड्यात येतो आणि आपण काचेच्या दारांकडे बघत राहतो. समोरच्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारावं, एवढी साधी माणुसकी तुमच्याकडे आहे. ती मला महागड्या ठिकाणी मिळाली नाही.

आता भांडणाचा मुद्दा. मजुरी विचारली तर तुम्ही "द्या काय द्यायचं ते" म्हणालात आणि दोऱ्याचे पैसे तेवढे मोजून घेतलेत. दुकानाने फायबरचे हजारो घेतले, आणि तुमच्या बोटांना सुईने घट्टे पडलेत. हे मला मान्य नाही. वहिनीलाही अशीच गोधडी करून हवी आहे, आणि मला तुमच्याजवळ बसून शिकायचं आहे. दिवाळीनंतर तुम्हाला आणायला गाडी पाठवते. यावेळी दर तुम्ही सांगायचा, कापडाला हात लावायच्या आधी, आणि तो मी एका पैशाने कमी करणार नाही.

तुमची,
हिरव्या इरकलीवाली