गृहमंत्री महोदय, तुमच्या पोलिसांचे मास्तर कोण?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

आपण कामात असाल याची कल्पना आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलो होतो. ते जमेल असं वाटत नाही.

मागच्या महिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमाराला माझी बायको फिरून घरी येत होती. मागून मोटारसायकलवर दोघं आले, मागच्याने गळ्यात हात घातला आणि अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र ओढून नेलं. सदतीस वर्षांत ते एकदाही तुटलं नव्हतं, त्या दिवशीही पटकन तुटलं नाही. म्हणून मानेला चार टाके पडले. काही लाखांचा ऐवज गेला असेल. पण ते राहू द्या, मी ऐवजासाठी लिहीत नाही.

दवाखान्यातून आम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण नाव सांगितलं की तिथल्या एकाची बदली होईल आणि आपण काम फत्ते समजाल. टेबलाशी एक नवा शिपाई बसला होता. तेवीस-चोवीसचं पोर, बूट आरशासारखे. त्याने हिच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी आणून दिलं. मग रजिस्टर पुढे घेऊन म्हणाला, "काका, मंगळसूत्र गहाळ झालं असं लिहू ना?"

मी म्हटलं, बाळा, गहाळ छत्री होते. हे हिसकावलंय, मान बघ. नव्या न्याय संहितेत कलम ३०४ आहे ना, हिसकावण्याचं?

तो दचकला. "तीनशे चार? काका, तो सदोष मनुष्यवध. कोण गेलंय?"

गृहमंत्री महोदय, भारतीय दंड संहितेत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवधाची शिक्षा हे खरं. पण ती संहिता १ जुलै २०२४ ला इतिहासजमा झाली. आता सदोष मनुष्यवध १०५ वर आहे आणि ३०४ वर हिसकावणे. माझा वकील भाचा तर म्हणतो, मानेला जखम झाली म्हणजे ही सरळ जबरी चोरी, ३०९. ते वकिलांचं वकिलांनी बघावं. माझा मुद्दा निराळा आहे. हा मुलगा भरती झाला तो नवे कायदे लागू झाल्यानंतर! मी विचारलं, तुला ट्रेनिंगमध्ये कुठली कलमं शिकवली? तो लाजून म्हणाला, "सरांच्या वहीत जुनीच होती. नवी नंतर बघून घ्या म्हणाले." तेवढ्यात आतून हवालदार आले आणि त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला, "ट्रेनिंगमधलं ट्रेनिंगमध्येच ठेवायचं रे, इथं मी सांगतो तसं लिही."

साडेतीन तास बसून आम्ही 'गहाळ'चा कागद घेऊन घरी आलो. दोन दिवसांत गुन्हा दाखल करतो असा शब्द मिळाला होता. दोनाचे अकरा झाले. दखलपात्र गुन्हा कळला की नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय. फिर्यादीची प्रत फिर्यादीला ताबडतोब आणि फुकट द्यायची, हे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. आम्हाला ती मिळाली तेराव्या दिवशी, आणि झेरॉक्सचे पैसे आम्हीच दिले.

त्या पोरावर मात्र माझा राग नाही. मी एकतीस वर्षं डी.एड. कॉलेजात शिकवलं. मास्तर घडवणारा मास्तर होतो. त्यामुळे एखाद्या मुलाला काही येत नसलं की माझी नजर आपोआप त्याच्या शिक्षकाकडे जाते. आमच्याकडे शिकवायचं तर एम.एड. लागायचं, शाळेतला अनुभव विचारला जायचा, आणि छात्राध्यापकाचा प्रत्येक सराव पाठ मागच्या बाकावर बसून बघावा लागायचा. आमचं क्षेत्र धुतल्या तांदळाचं होतं असं नाही. आपल्याच सरकारांनी डी.एड. कॉलेजं खिरापतीसारखी वाटली आणि पुढे ती पटापट बंद पडली. पण ज्याने आयुष्यात कधी वर्गात खडू धरला नाही त्याला 'पाठ कसा घ्यावा' शिकवायला उभं करावं, इतका विनोद आम्हालाही सुचला नव्हता.

म्हणून मी माहिती अधिकारात एका पोलीस प्रशिक्षण केंद्राला चार साधे प्रश्न विचारले. तुमच्याकडच्या निदेशकांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, इथे येण्याआधी किती वर्षं पोलीस ठाण्यात काम केलं? किती गुन्ह्यांचा तपास स्वतः केला? ते स्वेच्छेने आले की बदलीने? कुणी निलंबनातून परत येताना इथे नेमला गेला का? नावं नकोत, असं ठळक लिहिलं होतं. उत्तर आलं की ही माहिती वैयक्तिक असल्याने कलम ८ (१) (ञ) प्रमाणे देता येत नाही. त्याच कागदावर खाली लिहिलं होतं की सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. म्हणजे जी माहिती नाहीच, ती गुप्त आहे. हे वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.

उत्तर न मिळालं तरी गोष्ट काही गुपित नाही. कुठल्याही निवृत्त फौजदाराला चहा पाजा, तो सांगेल. ठाणं, गुन्हे शाखा, वाहतूक ही पोस्टिंगं; प्रशिक्षण म्हणजे 'साईड'. साहेबांशी बिनसलं, टाक साईडला. चौकशी लागली, टाक साईडला. मुलीची बारावी आहे, तब्येत बरी नाही, दोन वर्षं निवांत पाहिजेत, मागून घे साईड. मैदानावरचे उस्ताद पुष्कळदा राज्य राखीव दलातून किंवा मुख्यालयातून येतात. कवायतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण ज्यांची नोकरी बंदोबस्तात गेली त्यांनी रडणाऱ्या बाईची फिर्याद कुठे लिहून घेतलेली असणार? आणि कायदा शिकवायला विधी निदेशक लागतात तेव्हा जाहिरात निघते कंत्राटी! ज्याच्या स्वतःच्या नोकरीला ११ महिन्यांपुढे कायदा नाही, त्याने कायद्याचं राज्य शिकवायचं. यात जीव ओतून शिकवणारी माणसंही आहेत, मला ठाऊक आहे. ती आहेत त्यांच्या स्वभावामुळे. तुमच्या व्यवस्थेने त्यांना शोधून आणलेलं नाही.

आणि हे सांगणारा मी पहिला नाही. १९७१ साली केंद्राने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली होती. अध्यक्ष होते आपल्या मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. म. स. गोरे. पोलीस अधिकारी नव्हे, समाजशास्त्रज्ञ! त्यांचा अहवाल १९७३ सालचा. चांगली माणसं प्रशिक्षणाकडे वळावीत म्हणून त्यांना काही जादा द्या, हे तेव्हाच सांगून झालंय. त्या अहवालानंतर जन्मलेली पोरं पोलिसात भरती होऊन आता निवृत्तीला आली. अहवाल मात्र अजून 'विचाराधीन' असावा, अशी माझी समजूत आहे.

नाशिकला १९०९ पासून पोलिसांना शिकवतात. खंडाळा, नानवीज, जालना, अकोला, तुरची, बाभळगाव, धुळे, सोलापूर, नागपूर, मरोळ, केंद्रांना तोटा नाही. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर पोरं. धावण्यात सेकंदाचा कितवा भाग, छाती किती फुगते, सगळं मोजून घेता. मग त्या शंभरातून निवडलेल्या एकाला नऊ महिने कुणाच्या हाती द्यायचं, ते का मोजत नाही? देशात पोलिसांवर होणाऱ्या खर्चात प्रशिक्षणाचा वाटा दीड टक्क्याच्याही आत आहे. शंभर रुपयांत दीड रुपया. आमच्या गावात त्यात चहा येत नाही.

अर्थात मास्तर कुणाला करायचं हा प्रश्न बदल्यांचा आहे, आणि बदल्यांकडे बोट दाखवलं की आपल्याकडे सगळ्यांनाच खोकला येतो. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बदल्यांसाठी आस्थापना मंडळ नेमायला सांगितलं. मंडळं झाली, शिक्के झाले. पण कोणतं ठाणं 'क्रीम' आणि कोणतं 'सुकं' हे पानटपरीवाल्यालाही अजून ठाऊक असतं. जोवर क्रीम आहे तोवर उरलेलं ताक प्रशिक्षणाकडेच जाणार. तुम्ही दीक्षांत संचलनाला जाता, मानवंदना घेता, लोकाभिमुख पोलिसांवर भाषण करता. पुढच्या वेळी व्यासपीठावरच्या निदेशकांना एवढंच विचारा, शेवटची फिर्याद कधी लिहून घेतली होती? उत्तर माइकवर ऐकवा.

हिचं सांगायचं राहिलं. ती आता सकाळी फिरायला जात नाही. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत घातली आहे, तीही घराबाहेर पडताना पदराखाली सरकवते. मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीकडे होते, घरात असली तरी. ठाण्यात तिला एका ओळीचाही धीर मिळाला नाही, कारण घाबरलेल्या माणसाचा जबाब कसा घ्यायचा हे कुणी कुणाला शिकवलेलंच नाही. बूट कसे चमकवायचे ते शिकवलंय.

मागण्या दोनच. निदेशकांची पूर्वसेवा, नावं वगळून, दर वर्षी जाहीर करा. आणि ज्याला ठाण्याचा प्रभारी व्हायचंय त्याने आधी दोन वर्षं प्रशिक्षणात शिकवून दाखवावं, म्हणजे साईडला रांग लागेल.

ता. क. तो शिपाई मध्यंतरी एका संध्याकाळी साध्या कपड्यांत घरी आला. "काका, ते नव्या कलमांचं पुस्तक आहे का?" म्हणाला. आता दर रविवारी येतो. आम्ही ओट्यावर बसून दहा-दहा कलमं वाचतो, आणि मी त्याच्याकडून फिर्याद लिहून घेण्याचा सराव पाठ करवून घेतो. फिर्यादी हीच होते. तेव्हा निदेशकांच्या तुमच्या यादीत माझीही नोंद करून ठेवा. पोलीस ठाण्यातला अनुभव: साडेतीन तास, बाकावर.

आपला,
एक निवृत्त अध्यापक