घडवलं आयोनाने, कप फ्लोरिडाला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल अधूनमधून जे येतं ते मी इकडे जर्सी सिटीत बसून आवडीने वाचतो, पण सूर नेहमी तोच, की हल्लीची पोरं पैसा दिसला की कॉलेज सोडून पळतात, निष्ठा बिष्ठा काही राहिली नाही. पोरांना झोडपणं सोपं आहे हो. पण आधी पळतं कोण ते तरी बघा.

वॉल्टर क्लेटन ज्युनियरचंच घ्या. मुलगा फ्लोरिडातला, शाळेत अमेरिकन फुटबॉल इतका भारी खेळायचा की मोठमोठी कॉलेजं त्यासाठी मागे लागली होती, बास्केटबॉलसाठी मात्र कोणी फारसं विचारेना. त्याला घेतलं न्यूयॉर्कजवळच्या आयोना नावाच्या छोट्या कॉलेजने. दोन वर्षांत तो त्यांच्या कॉन्फरन्समधला (म्हणजे आपापसांत लीग खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातला) सर्वोत्तम खेळाडू झाला. मग 2023 च्या मार्चमध्ये सोडून गेलं कोण? कोच रिक पिटिनो! सेंट जॉन्स या मोठ्या कॉलेजने बोलावलं आणि साहेब गेले, पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या पोरांना सांगायचे तसं वर्षभर बाहेर बसा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यानंतर क्लेटन आपल्या राज्यात, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत गेला तर त्यात त्याचं काय चुकलं?

कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची 2025 ची फायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. ह्यूस्टनसमोर पहिल्या हाफमध्ये क्लेटनचा एकही पॉइंट नाही, टीम एकदा 12 ने मागे, आणि शेवटच्या सेकंदांत फ्लोरिडा फक्त दोनने पुढे. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन पॉइंटचा शॉट मारायला उडाला, क्लेटन धावत त्याच्या अंगावर गेला, शार्पला हवेतच कळलं की शॉट ब्लॉक होणार म्हणून त्याने बॉल खाली सोडून दिला, आता स्वतः हात लावला तर ट्रॅव्हलिंगचा नियमभंग, म्हणून बिचारा बॉलशेजारी नुसता उभा, तेवढ्यात फ्लोरिडाच्या कॉन्डनने झेप घेतली आणि खेळ खलास, 65-63. त्या टीमचे तिन्ही मुख्य गार्ड (बाहेरून खेळ चालवणारे) छोट्या कॉलेजांतून आलेले. क्लेटन आयोनाचा, विल रिचर्ड बेलमाँटचा, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. सेमीफायनलला समोर ऑबर्नकडून जो जॉनी ब्रूम होता तो मोरहेड स्टेटचा. म्हणजे बाहेरून कप मोठ्यांचा, आतला माल सगळा छोट्यांचा.

आपल्याकडे रणजीत राज्य बदलायचं तर असोसिएशनची एनओसी लागते. इकडे पूर्वी तसंच काहीसं होतं, वर कॉलेज बदललं की एक सीझन बाहेर बसायचं. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, त्यात नाव टाकलं की बाकीची कॉलेजं थेट बोलू शकतात. 2021 मध्ये पहिल्या बदलाला बाहेर बसणं गेलं, त्याच वर्षी जाहिरातींचे वगैरे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, 2024 पासून अभ्यासात पास असलात की कितीही वेळा बदला. आणि 2025 च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर तर कॉलेज स्वतःच सगळ्या खेळांच्या खेळाडूंना मिळून पैसे वाटू शकतं, 2025-26 साठी ही मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. आता एवढे पैसे आयोना कुठून आणणार?

आमच्या गावाचंच सांगतो. इथल्या इंडिया स्क्वेअरजवळ, म्हणजे आपली मंडळी जिथे किराणा आणि मिठाई घ्यायला येतात तिथून जवळच सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी आहे. 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धेत या चिमुकल्या कॉलेजने बलाढ्य केंटकीला हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला, आणि शेवटच्या आठांत गेलं. पंधराव्या सीडने (म्हणजे आपल्या विभागातल्या सोळांत पंधरावं मानांकन असलेल्या टीमने) तिथपर्यंत जाणं तोवर कधी झालंच नव्हतं. मिशीवाला डग एडर्ट रातोरात देशभर फेमस. पुढे काय झालं? नॉर्थ कॅरोलायनाकडून हरून आठवडाही झाला नसेल, कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले (ते त्यांचं स्वतःचं जुनं कॉलेज, म्हणून त्यांना फार बोलवत नाही), पाठोपाठ पोरंही पांगली, एडर्ट ब्रायंटला, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, एन्डेफो कोचमागे सीटन हॉलला. यातलं कोणी केंटकी-ड्यूकसारख्या बड्या कॉलेजला गेलं नाही हेही लक्षात घ्या, पोर्टलमध्ये नाव टाकणाऱ्या सगळ्यांनाच लॉटरी लागत नसते.

तरी सेंट पीटर्स दोन वर्षांत पुन्हा उभं राहून 2024 च्या स्पर्धेत पोचलं. पहिलीच मॅच टेनेसीशी, 83-49 ने धुतलं. 23 पॉइंट कोणी मारले? डाल्टन नेक्टने, जो आधी ज्युनियर कॉलेज (इकडे ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं असतं), मग नॉर्दर्न कोलोरॅडो करून शेवटच्या एका वर्षासाठी टेनेसीला आला होता. आणि 2025 ला शेवटच्या सोळांत एकही छोटं कॉलेज नाही, सगळे चार बड्या कॉन्फरन्समधले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोरांचे पाय बांधू नका, त्यांना जाऊ द्या, चार पैसे कमवू द्या, गुडघा गेला तर कोणी विचारत नाही. पण ज्यांनी घडवलं त्यांच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. फिफाने फुटबॉलमध्ये हे कधीच केलंय, ट्रान्सफर फी मधला 5 टक्के वाटा 12 ते 23 वयात खेळाडू ज्या ज्या क्लबांत शिकला त्यांना जातो. कॉलेजमध्ये अशी फी नसते आणि लावली तर ती शेवटी पोराच्याच खिशातून जाईल, म्हणून ते नकोच. पण कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या मॅचमागे कॉन्फरन्सला युनिटचे पैसे मिळतात, एक युनिट म्हणजे सहा वर्षांत मिळून साधारण 20 लाख डॉलर. फ्लोरिडाने कमावलेल्या युनिटमधला छोटासा हिस्सा आयोना, बेलमाँट, फ्लोरिडा अटलांटिकला द्यायला काय हरकत आहे? बड्या कॉन्फरन्सवाल्यांना ते कळणारही नाही, आणि आयोनाचा एखादा असिस्टंट कोच तरी त्या पैशात टिकेल.

अर्थात हे ऐकायला तिकडे कोण बसलंय! तुम्ही मात्र एक करू शकता. पुढच्या मार्चमध्ये स्पर्धेच्या बातम्या छापाल तेव्हा खेळाडूच्या नावापुढे त्याचं आधीचं कॉलेजही छापा, जागा दोन शब्दांचीच लागेल.

आपला,
एक वाचक, जर्सी सिटी, न्यू जर्सी