वाऱ्याला वाट, लहरीला आडकाठी

तासगाव, जि. सांगली

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "अप्पा, आपल्याकडं पैसे नव्हते म्हणून खोडदच्या दुर्बिणीला पत्र्याऐवजी जाळी लावली." मला ते पटलं नाही. फोनवर वाद घालायला गेलं की तू हसण्यावारी नेतेस, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी उटीची दुर्बीण बघ, तीही खोडदसारखीच आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी ती उभी केली, 1970 साली चालू झाली. 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद पन्हळ. तिच्यासाठी डोंगराचा उतारच असा शोधला की तो तिथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे 11 अंशांच्या आसपास. त्यामुळं दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता एकाच आसाभोवती फिरवली तरी आकाशातला एक स्रोत तासन् तास धरून ठेवता येतो. निम्मं काम डोंगराकडूनच करून घेतलं बघ! आणि आरसा कशाचा, तर 1,100 बारीक स्टेनलेस तारांचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या. तार ओढणाऱ्या माणसाला विचार 530 मीटर म्हणजे काय ते.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला तोच हात पुढं गेला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. एवढी तबकडी पत्र्यानं मढवली तर तिला खरा धोका वाऱ्याचा. वळवाच्या वाऱ्यात आपला द्राक्षांचा पानांनी भरलेला मांडव आडवा होतो, छाटणीनंतरच्या नुसत्या तारांना काही होत नाही, तसंच. वारा सोसायचा म्हणजे लोखंड वाढवा, लोखंड वाढलं की फिरवायची यंत्रणा वाढवा, मग खर्चाला अंत नाही.

आता मुद्दा. ही दुर्बीण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी ऐकायला बांधलीय. तिच्या कामातली आखूड लहर आकाशातल्या हायड्रोजन वायूची, ती सुद्धा 21 सेंटिमीटरची. जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, ती पत्र्यावरून परतावी तशी परतते. वारा मात्र आरपार जातो. म्हणजे कुठल्या लहरी ऐकायच्या हे आधी ठरलं, जाळी त्यातून आली. पैसे कमी होतेच, नाही म्हणत नाही. पण नुसत्या काटकसरीनं असली जाळी सुचत नाही.

मांडणीचंही तसंच. 14 तबकड्या मध्ये साधारण किलोमीटरभराच्या चौकात, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. टोकं एकमेकांपासून 25 किलोमीटर लांब. मधल्या तबकड्या आकाशात पसरलेल्या अंधुक गोष्टी टिपतात, लांबच्या बारकावा देतात. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरनं एका जागी आणून जुळवतात.

28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला तिथं लोकांना बघायला सोडतात. यंदा मैत्रिणींना घेऊन जा, पुण्याहून नारायणगावची एस.टी. मिळते. जवळ जायला मिळालं तर वर बघ: 16 वाकवलेल्या नळ्यांच्या चौकटींमध्ये स्टीलचे दोर ताणलेत आणि त्यांच्यावर जाळी बांधलीय. दोरांना ताण कशानं देतात आणि ढिले पडले तर कसे आवळतात, हे तिथल्या कुणा तंत्रज्ञाला विचारून मला कळव. आपल्या खालच्या बागेतल्या तारा दरवर्षी ढिल्या पडतात.

आईनं शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत.

तुझे
अप्पा