फूटपाथचे तोंड दिसू द्या

महोदय,

माहीमला माझे टायर आणि व्हील अलाइनमेंटचे दुकान आहे. तीस वर्षे हेच काम करतो आहे. पाऊस लागला की एक तक्रार हमखास येते : डाव्या चाकात हवा टिकत नाही. परवा एक तरुण आईची गाडी घेऊन आला. दर तीन दिवसांनी पंपावर हवा भरत होता, पंक्चर सापडत नव्हते. चाक काढून टाकीत बुडवले, तर बुडबुडे रिमच्या, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चक्राच्या, काठावरून निघत होते. फडक्याने पुसून बोट फिरवले. काठाचा टवका उडालेला, आणि तिथून केसाएवढी चीर आत गेलेली. आठवड्यापूर्वी रस्त्यावर पाणी साचलेले असताना फूटपाथ कुठे सुरू होतो ते दिसले नाही आणि चाक आदळले, एवढेच त्याला आठवत होते.

चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे मार खाते ते डावे चाक. शिवाय हल्ली गाडी घेताना मोठ्या अलॉय व्हीलची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या रिमची, हौस असते. रिम मोठी, तर तिच्यावरचे रबर कमी. टायरवर २०५/५५ आर १६ लिहिलेले असेल, तर रबराची उंची २०५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जेमतेम ११३ मिलिमीटर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत फूटपाथची कमाल उंची १५० मिलिमीटर दिली आहे. म्हणजे नियमात बसणारा फूटपाथही रबर ओलांडून सरळ रिमला भिडतो. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची लोखंडी रिम वाकली, तर आम्ही ठोकून सरळ करून द्यायचो. अॅल्युमिनियमची रिम तशी ठोकता येत नाही, ती तडकते. त्या मुलाला वेल्डिंग करून हवे होते. मी नाही म्हटले. वेल्डिंग केलेली रिम एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगात कशी वागेल, याची हमी मी देऊ शकत नाही.

नुसता ओरखडा असेल तर घासून, रंगवून घेता येतो. पण लवकर घ्या. वरचा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, थर फुटला की आपल्या खाऱ्या, दमट हवेत धातूवर पांढरे डाग पडतात आणि ते रंगाखालून पसरत जातात. टायरच्या बाजूला फुगा दिसला तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर एक दिवसही चालवू नका. बाकी काळजी साधी आहे. गाडी लावताना डावा आरसा खाली वळवा, म्हणजे मागचे चाक आणि कड दोन्ही दिसतात. चाक कडेला टेकलेले असताना स्टेअरिंग फिरवू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा चाके थंड असताना भरून घ्या. कमी हवेचा टायर दबतो आणि रिम आणखी खाली येते.

फूटपाथची उंची कमी करा, असे मी म्हणणार नाही. ती पायी चालणाऱ्याच्या जिवासाठी आहे, आणि माझे अर्धे गिऱ्हाईक स्टेशनवरून चालतच येते. मागणी एवढीच की फूटपाथ किंवा डिव्हायडर जिथे सुरू होतो, त्या तोंडाचा दगड गोलाईचा बसवावा. आता तिथे धारदार कोपऱ्याचे सिमेंटचे ठोकळे असतात, आणि एखादा निखळून रस्त्यात तिरका आलेला असतो. जुने काळ्या दगडाचे काठ झिजून गुळगुळीत झालेत. त्यांना लागलेले चाक माझ्याकडे क्वचितच येते.

दुकानाशेजारच्या वळणावर असा एक ठोकळा आहे. दरवर्षी जूनच्या आधी मी त्याला पिवळा रंग मारतो. गणपतीपर्यंत तो पार उडालेला असतो. त्याला रेडियमची पट्टी लावावी आणि समोर एक रिफ्लेक्टरचा खांब उभा करावा. पाण्याच्या वर खांब तरी दिसेल.

– एक टायर दुकानदार, माहीम, मुंबई