आक्काच्या मिक्सरबद्दल

सोलापूर, बुधवार

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी जरा जास्तच बोललो. तू फोन ठेवलास आणि तुझी आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. व्हॉट्सॅपवर लिहायला गेलो तर अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो, म्हणून वहीचा कागद फाडला. संतोष फोटो काढून पाठवेल.

आधी हे सांगतो की मिक्सर ठीक झाला. भांड्याखालचा कपलर तुटला होता, साठ रुपयांत काम झालं. तेव्हा मिक्सरचा विषय संपला. पण घरच्या ग्रुपवर तू टाकलेल्या लिंकवरून आक्कानं तो घेतला आणि त्याचं तुला कमिशन मिळालं, हे तिला सुनंदाच्या पोराकडून कळलं. मी गेलो तेव्हा ती उखळात शेंगाची चटणी कुटत बसली होती. रागावली नाही. हात न थांबवता म्हणाली, "पोरीनं सांगितलं असतं तर दोन घेतले असते की." तेच मला लागलं.

कमिशन वाईट असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? नव्या पेठेत बावीस वर्षं चादरी दाखवल्या. स्टेशनवरून रिक्षावाले गिऱ्हाईक आणायचे, गिऱ्हाईक गेलं की मागनं येऊन आपला वाटा घेऊन जायचे. तो वाटा मालक चादरीच्या भावात चढवायचा. एकदा लातूरकडचं जोडपं आलं. बाईला पारख होती. चादर उलटी करून मागचे दोरे बघितले, कडेची वीण चिमटीत धरून ओढली आणि मग सहज विचारलं, "तो रिक्षावाला तुमच्या ओळखीचा का हो?" मी म्हणालो, "नाही ताई." माल खरंच चांगला होता, पोरी. पुढच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेला ती दोघं परत आली, आमच्या दारावरनं गेली आणि शेजारच्या दुकानात शिरली. मी काउंटरला उभा होतो. त्या बाईनं माझ्याकडे बघितलंही नाही.

हे मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तुझ्या कामात भाव वाढत नाही, लिंकवरून घेतलं काय नि तसं घेतलं काय, तेवढेच पैसे, असं तू म्हणालीस. मानलं. आमच्या रिक्षापेक्षा ते बरंच. संतोषनं मला अ‍ॅमेझॉनचं समजावलं: लिंक उघडली की पुढच्या २४ तासांत माणसानं तिथून दुसरंच काही घेतलं तरी बहुतेक वेळा कमिशन लिंकवाल्याला. म्हणजे आक्कानं त्याच दिवशी चप्पल मागवली असती तरी तुझ्या खात्यात काहीतरी पडलं असतं, आणि तिला पत्ताही लागला नसता. आता हे तिला कोण सांगणार? तूच ना?

सरकारनंही जानेवारी २०२३ मध्ये याची एक पुस्तिका काढली आहे. वस्तू सुचवण्याचे पैसे किंवा काही फायदा मिळत असेल तर लोकांना दिसेल असं, साध्या भाषेत सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होतो. तू काही मोठी इन्फ्लुएन्सर नाहीस, मला ठाऊक आहे. घरच्या ग्रुपवर कोण दंड करायला येतंय? पण घरचा ग्रुप म्हणूनच तर...

बघ, झालंच सुरू माझं. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर.

तुझ्या पहिल्या कमिशनमधून पाठवलेला चष्म्याचा डबा मी अजून वापरतो. गल्लीत सगळ्यांना दाखवून झाला. कशाचे पैसे असं कुणी विचारलं की मी म्हणतो, पुण्यात बसून कॉम्प्युटरवर दुकान चालवते. थोडी फुशारकीच ती, पण छाती फुगते हे खरं. नोकरी मात्र एवढ्यात सोडू नकोस. सोडायची असली तर आधी मला सांग, सुनंदाकडून नको कळायला.

शनिवारी हुतात्मानं येतेस ना? रात्री स्टेशनवर मी येईन, रिक्षा करू नकोस. रविवारी आक्काकडे जाऊन ये. तिला आता बिडाची कढई हवी आहे, "प्राजूला लिंक टाकायला सांग" म्हणाली. टाक. फक्त खाली एक ओळ लिही, की यात मला इतके...

असो. आई म्हणते, कागद संपला.

तुझा,
अण्णा